इजा भरून आली, तरी वेदना का थांबत नाही?

1994 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधा, पण विचारात पाडणारा अभ्यास छापून आला. पाठदुखीची तक्रार नसलेल्या 98 जणांच्या कमरेचे एमआरआय काढले गेले. त्यांत पाठ दुखणाऱ्या काही रुग्णांचे एमआरआय मिसळले आणि कोणता फोटो कोणाचा हे न सांगता ते तज्ज्ञांपुढे ठेवले. पाठ न दुखणाऱ्या त्या 98 जणांपैकी 52 टक्क्यांची मणक्यांमधली एक तरी गादी फुगलेली निघाली. 27 टक्क्यांची गादी ठळकपणे बाहेर आलेली होती. सगळ्या गाद्या धड असलेले फक्त 36 टक्के. पुढे 2015 मध्ये अशा 33 अभ्यासांचा, मिळून 3110 वेदनामुक्त माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या 37 टक्के, पन्नाशीतल्या 80 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के माणसांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि यांतल्या कोणाचीही पाठ दुखत नव्हती. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असे ऐकून माणूस घरी येतो आणि त्या दिवसापासून वाकणे, उचलणे, मांडी घालून बसणे सोडून देतो. त्याच्या हातातला रिपोर्ट खोटा नसतो. पण रिपोर्टात लिहिलेले आणि कमरेत दुखणारे यांचा संबंध त्याला वाटतो तितका सरळ नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना, जिला वैद्यक जुनाट वेदना म्हणते, तिचे बहुतेक गैरसमज आणि बहुतेक वाया गेलेले उपचार या एका चुकीच्या हिशेबातून निघतात: जितके दुखते तितका बिघाड, आणि दुखते आहे म्हणजे बिघाड अजून आहेच.

हा हिशेब फार जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्या मृत्यूनंतर, 1664 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक चित्र आहे. विस्तवाजवळ पाय गेलेला एक मुलगा, आणि त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत गेलेली एक नळी. पायाला झळ लागली की नळीतून संदेश वर जातो आणि मेंदूत वेदना उमटते, अशी ती कल्पना. ताज्या इजेपुरती ती बरीचशी खरी आहे. तव्याला बोट लागले की हात मागे येतो, पाय मुरगळला की त्यावर भार टाकवत नाही, आणि ते व्हायलाच हवे. वेदना हा शत्रू नव्हे याचा सर्वात कठोर पुरावा उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत सापडला. तिथला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदनाच होत नव्हती. चौदावा वाढदिवस येण्याआधी छपरावरून उडी मारून तो मेला. एससीएन9ए या एकाच जनुकातल्या बदलामुळे वेदनेची जाणीव नाहीशी होते, हे त्याच्या नात्यातल्या मुलांच्या तपासणीतून 2006 मध्ये सिद्ध झाले. वेदना नसेल तर शरीर फार दिवस टिकत नाही. पण देकार्तच्या चित्रातून एक गोष्ट सुटली होती. तिथे मेंदू केवळ निरोप घेणारा आहे. प्रत्यक्षात तो निरोप तोलतो, दाबतो, वाढवतो, आणि कधी कधी निरोप नसतानाही वेदना निर्माण करतो.

याची पहिली ठळक नोंद रणांगणावर झाली. 1944 मध्ये इटलीतल्या आन्झिओच्या लढाईत हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारले, वेदनाशामक देऊ का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटले. हाडे मोडलेली, पोट फाटलेले, पण शुद्धीवर असलेली ही माणसे होती. बीचरने लावलेला अर्थ असा की, या माणसांसाठी जखम म्हणजे लढाईतून जिवंत सुटका होती. तशाच शस्त्रक्रियेच्या जखमा असलेल्या शहरातल्या रुग्णांना मात्र औषध हवे असायचे. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याला शास्त्रीय चौकट दिली. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतानाच वेदनेच्या संदेशांची छाननी होते, स्पर्शाचे संदेश त्यांना अडवू शकतात, आणि वरून मेंदूही ते कमीजास्त करू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. ठेच लागल्यावर बोट चोळले की बरे का वाटते, याचे उत्तर त्यात आहे. त्यांच्या आकृतीतले बारकावे पुढे बदलले, मुख्य मुद्दा टिकला. 1969 मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या एका ठरावीक भागाला विजेची सौम्य चेतना देऊन, भुलीचे औषध न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. म्हणजे वेदना दाबणारी यंत्रणा शरीरात जन्मजात असते. आणि दाबणारी असते तशी वाढवणारीही असते.

जुनाट वेदनेचे मर्म या वाढवणाऱ्या बाजूला आहे. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की, इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच बदलतात. पूर्वी ज्या स्पर्शाने त्या जाग्या होत नसत, त्याने होऊ लागतात. जागे होण्याचा त्यांचा भाग पसरतो. इजेकडून येणारा संदेश थांबल्यावरही हा बदल काही काळ उरतो. राखणीचे कुत्रे एकदा चोर पाहिल्यावर पान हलले तरी भुंकू लागते, तसे हे आहे. भुंकणे खरे असते, पण दर भुंकण्याला दाराशी चोर असेलच असे नाही. नागीण बरी होऊन कातडी स्वच्छ झाली तरी काहींना त्या जागी सुती सदऱ्याचा स्पर्शही निखाऱ्यासारखा लागतो, तो अशाच बदललेल्या मज्जातंतूंमुळे. मधुमेहात तळपायांची आग होते, ती पायात इजा झाल्यामुळे नव्हे, तर निरोप नेणाऱ्या तारा बिघडल्यामुळे. 2006 च्या चिकुनगुन्याच्या साथीत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी हे अनुभवले. ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र अनेकांचे महिनोन्‌महिने आखडलेले राहिले. त्यांतल्या काहींच्या सांध्यांत खरी सूज होती, काहींच्या सांध्यांत ती ओसरल्यावरही दुखणे चालूच होते. म्हणूनच वैद्यक आता वेदनेचे तीन प्रकार मानते: ऊतींच्या इजेतून येणारी, मज्जातंतूंच्या बिघाडातून येणारी, आणि या दोन्हींचा पुरेसा पुरावा नसताना वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झाल्याने येणारी. तिसऱ्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2017 मध्ये वेगळे नाव दिले. एकाच माणसात तिन्ही मिसळलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रागाने येतो: म्हणजे सगळा मनाचाच खेळ, असे म्हणायचे आहे का? हा राग समजण्यासारखा आहे. रिपोर्ट नॉर्मल आले की ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून परत आलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत बायका अधिक. जुनाट वेदना स्त्रियांत जास्त आढळते, आणि दुखणे अंगावर काढायची सवयही त्यांनाच लावली जाते. घरातली कामे उरकून मग दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगितले जाते, तेव्हा तिच्यावर अन्याय होतो. पण वेदना मेंदूत घडते आणि वेदना खोटी आहे, ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. सगळीच वेदना मेंदूत घडते, हाड मोडल्याचीसुद्धा. अपेक्षा आणि भीती यांचा तिच्यावर परिणाम होतो, तो रसायनांच्या मार्गाने. 1978 मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून निव्वळ निष्क्रिय द्रव दिल्यावर काहींचे दुखणे कमी झाले. मग त्यांना नॅलोक्सोन दिले, जे शरीरातल्या अफूसदृश रसायनांचा मार्ग अडवते. त्यांची वेदना पुन्हा वाढली. म्हणजे आधीचा आराम कल्पनेतला नव्हता, शरीराने स्वतःचे वेदनाशामक सोडले होते. भीतीचेही तसेच, ती पेशींच्या पातळीवर वेदना वाढवते. आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत एक टीप जोडली: माणसाने आपल्या वेदनेबद्दल सांगितलेल्या अनुभवाचा आदर केला पाहिजे. दुखते असे जो म्हणतो त्याला दुखते. उपचाराची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून आणि सावध नातेवाइकांकडून येतो. कारण शोधायचे सोडले तर खरा आजार निसटेल. हा आक्षेप योग्य आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. पाठदुखीसोबत ताप, वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, पायातली ताकद जाणे, जांघेभोवती बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर तपासणी तातडीने झाली पाहिजे. शेवटच्या दोन-तीन लक्षणांत तर त्याच दिवशी. माझे म्हणणे या शोधाविरुद्ध नाही. एकदा नीट शोधून गंभीर कारण नाही असे ठरल्यावरही जो शोध थांबत नाही, त्याविरुद्ध आहे. त्याची किंमत मोजावी लागते. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या 44 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधल्या प्रत्येक दोषाची माहिती दिली. दुसऱ्या गटाला सांगितले की, चित्र एकूण ठीक आहे, जे दिसते ते वयानुसार येणारे आहे. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा आपल्या पाठीवरचा विश्वास कमी झालेला होता, दुखणे कमी सुधारले होते, हालचालही मागे पडली होती. दोन्ही गटांच्या कमरा सारख्याच होत्या, वेगळे होते ते फक्त शब्द. शस्त्रक्रियांचेही असेच. 2002 मध्ये ह्यूस्टनमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या 180 रुग्णांपैकी काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला आणि काहींच्या कातडीवर नुसत्या चिरा देऊन त्या शिवल्या. दोन वर्षे पाहिले, दोन्ही गटांत फरक पडला नाही. पूर्ण झिजलेला गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट आहे. तिने असंख्य माणसे पुन्हा चालू लागली आहेत, हे खरेच. तरीही साधारण पाचांतल्या एकाचे दुखणे नवा सांधा बसवूनही उरते, आणि शस्त्रक्रियेआधी अंगभर दुखत असलेल्यांत ही शक्यता जास्त असते. सांधा बदलला म्हणून बदललेली मज्जासंस्था आपोआप पूर्ववत होत नाही.

अवयव शोधून तो काढून टाकण्याची ही वृत्ती कुठवर जाते, याचे उदाहरण महाराष्ट्राला शरम वाटावी असे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशये ऐन तारुण्यात काढली गेली, आणि 2019 मध्ये राज्य सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पोटदुखी, अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. इथूनच तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि मला तो सर्वात वजनदार वाटतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला, दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्याला, हमालाला ‘तुमची मज्जासंस्था संवेदनशील झाली आहे’ असे सांगणे म्हणजे कामाच्या अटींवरून नजर हटवणे नाही का? तसे सांगून थांबलो तर नक्कीच आहे. पण वेदनेचे आजचे शास्त्र उलट दिशेला बोट दाखवते. अपुरी झोप, उद्याच्या मजुरीची चिंता, सुट्टी घेतली तर पडणारा खाडा, आपल्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही ही भावना, या गोष्टी वेदना टिकवतात हे आता अभ्यासांतून पुरेसे पुढे आले आहे. गर्भाशय काढल्याने यातले काहीच बदलत नाही. दुखण्याची जागा म्हणून फक्त अवयवाकडे पाहणारेच कामाच्या अटी नजरेआड करतात.

आता औषधांकडे. ताज्या दुखण्यावर गोळी उपयोगी पडते, म्हणून जुन्या दुखण्यावर तीच वर्षानुवर्षे चालू ठेवली जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांच्या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने जठराला जखमा होतात, मूत्रपिंडे आणि हृदय यांना धोका पोहोचतो. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन भारतातली गिधाडे जवळपास संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घालावी लागली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, पण ते सुरक्षितही नाही. सांधेदुखीवर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांपासून तर लांबच राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघड झाली आहेत, आणि दोन दिवसांत मिळालेला तो आराम पुढे हाडांवर आणि साखरेवर वसूल होतो. मॉर्फिनच्या जातीची औषधे कर्करोगाच्या वेदनेत अमोल आहेत आणि ती नाकारली जाणे हा वेगळा अन्याय आहे. पण जुन्या पाठदुखी-गुडघेदुखीवर 240 रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ती साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. उलट वेदनेची तीव्रता साध्या औषधांच्या गटात किंचित कमी होती. मज्जातंतूंच्या वेदनेवर अ‍ॅमिट्रिप्टिलीन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन वापरतात. चार-पाच जणांनी अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखे औषध घेतले तर त्यांतल्या एकाला त्या औषधामुळे ठळक आराम पडतो. प्रीगॅबालिनबाबत हे प्रमाण सात ते नऊ जणांत एक असे आहे. हे उपयोगाचे आहे, पुरेसे मात्र नाही. रुग्णाला हे आधी सांगितले, तर गोळी लागू पडली नाही म्हणून त्याचा धीर खचणार नाही.

मग पुरेसे काय? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत वेदना समजावून सांगणे, व्यायाम आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूजन्य औषधे नित्याचा उपाय म्हणून देऊ नयेत असे म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा आणि ट्रॅक्शन यांवर किती पैसा आणि किती दिवस जातात ते वाचकांनी आठवून पाहावे. व्यायामाच्या शिफारशीवर रुग्णाचा प्रश्न रास्त असतो: हललो की दुखते, मग हलू कसा? याचे उत्तर मात्रेत आहे. जुने दुखणे असलेली माणसे बहुधा एका चक्रात सापडतात. बरे वाटले की साचलेले सगळे काम एका दिवसात उपसायचे, दिवाळीची साफसफाई एकटीने उरकायची, आणि मग चार दिवस अंथरूण धरायचे. प्रत्येक फेरीत मज्जासंस्था हालचाल म्हणजे धोका हेच शिकते. त्याऐवजी वाईट दिवशीही जमेल इतकेच ठरवावे, मग ते पाच मिनिटांचे चालणे का असेना, आणि चांगल्या दिवशीही तेवढ्यावर थांबावे. आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवावे. थोडे दुखले तर ते इजेचे लक्षण मानू नये. ऑस्ट्रेलियात 492 रुग्णांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनी सात-आठ भेटींत नेमके हेच केले: दुखण्याचा अर्थ समजावला, टाळलेल्या हालचाली पुन्हा करून घेतल्या, झोप आणि दिनक्रम यांवर बोलले. वर्षानंतरही त्याचा मोठा फायदा टिकलेला होता. अमेरिकेत 151 जणांवरच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदनेचा अर्थ नव्याने लावायला शिकवणाऱ्या चार आठवड्यांच्या उपचाराने 66 टक्के लोक जवळपास वेदनामुक्त झाले. नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. तिथले रुग्ण बहुतांशी शिकलेले आणि मध्यम वेदनेचे होते, म्हणून हा आकडा प्रत्येकाला लावता येणार नाही. तरी सरासरी 10 वर्षे जुने दुखणे महिनाभरात इतके बदलू शकते, ही नोंद दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली 701 जणांची चाचणी तर आपल्या प्रत्येक गावात उतरवता येईल अशी आहे. पाठदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा, अर्धा-अर्धा तास चालायला लावले. दुखणे परत येईपर्यंतचा मध्यम काळ न चालणाऱ्यांत 112 दिवस होता, चालणाऱ्यांत 208 दिवस.

या उपायांना महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ: रुग्णाचे अर्धा तास ऐकून घेणारा माणूस, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भेटणारा तोच माणूस. एमआरआय केंद्रे आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत, फिजिओथेरपिस्ट मात्र सरकारी दवाखान्यात सहसा जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतो. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत तो पोहोचला पाहिजे, ही मागणी रस्ता आणि पाण्याइतक्याच हक्काने केली पाहिजे. तोवर ज्यांना वर्षानुवर्षे दुखते आहे त्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारावेत: माझ्या दुखण्यामागे धोक्याचे काही आहे का, आणि नसेल तर मी कोणती हालचाल, किती मात्रेने सुरू करू? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय उठू नये.